वाचकांचे प्रश्न : सॉल्व्हंट छपाई आणि लॅमिनेशनची घाई

फलक, स्टिकर आणि वाहनांवरील जाहिरातींची छपाई करणाऱ्या वाचकांची पत्रे या सदराकडे अधूनमधून येत असतात. या खेपेला आलेल्या पत्रांत फोड, सुटलेल्या कडा, वास आणि पावसाळ्यातला ओलावा अशा वेगवेगळ्या तक्रारी असल्या, तरी त्यांचे मूळ बहुतांशी एकच आहे : शाईतले सॉल्व्हंट, म्हणजे शाई पातळ ठेवणारे आणि नंतर उडून जाणारे द्रव, पुरते उडण्याआधीच प्रिंटवर लॅमिनेशनची पारदर्शक फिल्म चढवणे. म्हणून या अंकात फक्त हीच पत्रे घेतली आहेत.

प्रश्न : शहापूर भागात माझे छपाईचे दुकान असून मशीन इको-सॉल्व्हंट शाईचे आहे. एका दूध डेअरीच्या टेम्पोसाठी दोन्ही बाजूंचे व्हिनाइल (मागे गम असलेले प्लास्टिकचे स्टिकर) संध्याकाळी छापले. हात लावून पाहिला तेव्हा शाई बोटाला लागत नव्हती, म्हणून रात्रीच कोल्ड लॅमिनेशन (गम असलेली फिल्म न तापवता दाबून बसवणे) मारून घेतले आणि सकाळी गाडीवर चिकटवले. आठवड्याच्या आत गर्द निळ्या पट्ट्यात फोड आले आणि त्याच पट्ट्याच्या कडा सुटू लागल्या. पांढऱ्या भागात मात्र काही झालेले नाही. व्हिनाइल देणारे म्हणतात फिल्म हलकी आहे, फिल्म देणारे म्हणतात व्हिनाइल खराब आहे. यात खरे काय समजावे?
— एक छपाई व्यावसायिक, बेळगाव

उत्तर : पांढऱ्या भागात काही झाले नाही, हे आपण लिहिलेत ते फार बरे केलेत, कारण निदान तिथेच होते. फिल्म किंवा व्हिनाइल यांपैकी एखादे मुळातच सदोष असते, तर फोड रंग पाहून आले नसते. ते सगळीकडे आले असते. ते फक्त गर्द निळ्यात आले, म्हणजे जिथे शाई सर्वांत जास्त पडली होती तिथे आले. आपल्या दोन्ही पुरवठादारांना या वेळी निर्दोष सोडावे लागेल. लॅमिनेशन लवकर झाले, हे खरे कारण आहे.

सॉल्व्हंट शाईत रंगद्रव्य आणि त्याला धरून ठेवणारे रेझिन हे दोन घटक प्रिंटवर कायम राहायचे असतात आणि सॉल्व्हंट निघून जायचे असते. ते जाण्यापूर्वी एक आवश्यक काम करते. पीव्हीसीचा, म्हणजे व्हिनाइलच्या प्लास्टिकचा, वरचा थर किंचित मऊ करून ते रेझिनला त्यात रुजवते आणि म्हणूनच ही शाई व्हिनाइलला इतकी घट्ट धरते. पण याचाच दुसरा अर्थ असा की, सॉल्व्हंट केवळ शाईच्या थरात नसते, तर व्हिनाइलच्या आत आणि काही प्रमाणात त्याखालच्या गमपर्यंत उतरलेले असते. मागच्या बाजूला सिलिकॉनचा लेप दिलेला कागद असल्याने तिकडून त्याला फारशी वाट नसते. बाहेर पडायचे तर वरूनच. मशीनच्या हीटरवरून पुढे येताना वरचा थर आधी सुकतो आणि तापलेल्या दुधावर साय धरावी तसा खालचा ओलावा झाकून टाकतो. बोटाला जे कोरडे लागते, ती ही साय असते.

इको-सॉल्व्हंट शाईच्या बाबतीत ही फसगत अधिक होते. जुन्या, उग्र वासाच्या सॉल्व्हंट शायांत सायक्लोहेक्झानोनसारखी द्रव्ये असत आणि त्याचा उत्कलनबिंदू सुमारे १५५ अंश सेल्सियस आहे. इको-सॉल्व्हंट शायांत वापरल्या जाणाऱ्या ग्लायकॉल ईथर वर्गातल्या अनेक द्रव्यांचा उत्कलनबिंदू १८० अंशांच्या पुढे जातो. म्हणजे ही द्रव्ये अधिक सावकाश उडतात. वास कमी येतो म्हणून शाई लवकर वाळते, असे आपल्याकडे बहुतेक दुकानांत मानले जाते. वस्तुस्थिती जवळजवळ उलटी आहे.

आता अशा अर्धवट वाळलेल्या प्रिंटवर फिल्म बसली की उरलासुरला मार्गही बंद होतो. कोंडलेले सॉल्व्हंट मग दोन्हीकडच्या गमवर काम करू लागते. फिल्मचा गम मऊ पडतो आणि गाडी उन्हात तापली की वाफेचा दाब फिल्मला वर उचलतो. हे आपले फोड. व्हिनाइलखालचा गमही मऊ पडतो. कॅलेंडर पद्धतीने, म्हणजे रोलरांतून दाबून काढलेल्या व्हिनाइलमध्ये मूळ आकाराकडे परत जाण्याची ओढ असतेच. ती रोखून धरण्याचे काम गम करत असतो. गम ढिला झाला की व्हिनाइल आकसते, कडेला मिलिमीटरभर उघडा गम राहतो, त्यावर रस्त्यावरची धूळ बसते आणि स्टिकरभोवती काळी रेघ उमटते. टेम्पोच्या कडा जवळून पाहिल्यात तर ही रेघ बहुधा दिसेल. पुढे केव्हातरी हे स्टिकर काढताना गम गाडीच्या रंगावरच राहून जाईल, ही गोष्ट डेअरीवाल्यांना आत्ताच सांगून ठेवलेली बरी.

तेव्हा थांबायचे किती? व्हिनाइल आणि फिल्म बनवणाऱ्या कंपन्यांच्या सूचनापत्रकांत हा काळ २४ तासांपासून ७२ तासांपर्यंत वेगवेगळा दिलेला आढळतो, आणि आपण जो माल वापरता त्याच्या पत्रकातला आकडा प्रमाण मानावा. माझ्या मते हलक्या रंगांच्या, बऱ्याचशा पांढऱ्या असलेल्या कामाला पुरते २४ तास आणि गर्द निळा, मरून, काळा असे भरलेले रंग असतील तर ४८ तास हा हिशेब आपल्या हवेत धरून चालावा. मात्र हे तास मोकळ्या हवेतले आहेत. छापलेला रोल मशीनच्या टेक-अपवर (छापलेला माल गुंडाळून घेणाऱ्या दांड्यावर) घट्ट गुंडाळलेला तसाच ठेवून दिला, तर आतल्या प्रत्येक वेढ्याच्या तोंडावर पुढच्या वेढ्याचा कागद येऊन बसतो आणि असा रोल दोन दिवस ठेवूनही त्याच्या पोटातले व्हिनाइल जवळपास पहिल्या रात्रीसारखेच राहते. जागा असेल तर तुकडे कापून दोरीला किंवा पाइपवर मोकळे टांगावेत. जागा नसेल तर रोल इतका सैल करावा की वेढ्यांमध्ये बोट सहज फिरेल, आणि तो आडवा न टाकता जाळीवर उभा ठेवावा. जाळी यासाठी की ही वाफ हवेपेक्षा जड असते. सायक्लोहेक्झानोनची तर हवेच्या तिपटीहून जड. ती खाली उतरते. फरशीवर टेकवून ठेवलेल्या रोलच्या तळाशी ती साचून राहते, जाळीखालून मात्र निघून जाऊ शकते. वरून साधा टेबल फॅन मंद लावला तर उत्तम. छापलेले तुकडे एकावर एक रचून ठेवणे मात्र कटाक्षाने टाळावे.

आणखी एक गोष्ट छपाईआधीची आहे. संगणकावर नुसता काळा दिसणारा रंग पुष्कळदा चारही शाया मिळून बनलेला असतो आणि अशा जागी शाईचे एकूण प्रमाण (प्रत्येक शाईचे पुरते प्रमाण १०० टक्के धरून) ३०० टक्क्यांच्याही वर जाऊ शकते. आपल्या व्हिनाइलचा योग्य प्रोफाइल (शाईचे प्रमाण ठरवणारी संगणकातली फाइल) लावून ते २५०-२७० टक्क्यांच्या आत आणले, तर डोळ्याला फरक फारसा जाणवत नाही आणि वाळण्याचा भार बराच हलका होतो. लवकर काम उरकण्यासाठी कमी पासवर, म्हणजे शाई फवारणाऱ्या हेडच्या कमी फेऱ्यांत, छापणे हेही या दृष्टीने महागात पडते, कारण तीच शाई कमी वेळात पडते आणि हीटरसमोरून घाईने निघून जाते.

टेम्पोच्या पत्र्याला पन्हळी आणि रिव्हेट असतील तर तिथे कॅलेंडर व्हिनाइल नीट वाळवूनही उचलणारच. त्या जागी कास्ट, म्हणजे द्रवरूपात पसरवून बनवलेले, व्हिनाइल आणि त्यावर कास्ट फिल्मच वापरावी लागते. पण तो वेगळा विषय झाला.

प्रश्न : प्रिंट पूर्ण वाळली की नाही हे खात्रीने कसे ओळखावे? आमच्याकडे कुणी नाकाने ओळखतो, कुणी नखाने.
— एक वाचक, गोकाक

उत्तर : नाकाने ओळखणे दोन कारणांसाठी सोडून द्यावे. पहिले म्हणजे वर सांगितल्याप्रमाणे इको-सॉल्व्हंटचा वास मुळातच मंद असतो. दुसरे, दिवसभर त्याच खोलीत बसणाऱ्या माणसाचे नाक दुपारपर्यंत त्या वासाला सरावलेले असते आणि त्याला काहीच जाणवत नाही. बाहेरून नुकत्याच आलेल्या गिऱ्हाइकाला वास आला तर तो नक्की आहे असे समजावे. आपल्याला आला नाही, यावरून काही ठरत नाही.

नखाने ओरखडून शाईची पकड कळते, कोरडेपणा नव्हे. त्यापेक्षा अंगठ्याची परीक्षा बरी. प्रिंटच्या सर्वांत गर्द भागावर अंगठा घट्ट दाबून पिळल्यासारखा फिरवावा. शाई पसरली, चिकट लागली, किंवा चमक जाऊन अंगठ्याचा ठसा राहिला, तर लॅमिनेशनचा विचारही करू नये. ठसा उमटला नाही तर मात्र लगेच निकाल देऊ नये. ही परीक्षा नापास झालेल्याला ओळखते, पास झालेल्याची हमी देत नाही. ती नेहमी कामाबाहेरच्या कडेवर, कापून जाणाऱ्या भागात करावी.

दुसरी परीक्षा हाताची आहे. त्याच रोलमधील न छापलेल्या व्हिनाइलची एक बोटभर रुंदीची पट्टी आणि गर्द छपाईची तेवढीच पट्टी घेऊन, मागचा कागद काढून दोन्ही हळूहळू ताणून पाहाव्यात. छापलेली पट्टी अधिक मऊ, रबरासारखी लांबत असेल, तर तिच्यात सॉल्व्हंट अजून शिल्लक आहे. एकदा हा फरक हाताला समजला की पुढे तो चटकन जाणवतो. नवीन मुलाला काम शिकवताना ताज्या प्रिंटची आणि दोन दिवस टांगलेल्या प्रिंटची पट्टी एकापाठोपाठ त्याच्या हातात द्यावी. तोंडी सांगून हे कळत नाही.

सर्वांत भरवशाची परीक्षा वजनाची. ०.०१ ग्रॅमपर्यंत मोजणारा छोटा डिजिटल काटा आता सहज मिळतो. सर्वांत गर्द भागाचा साधारण कागदाच्या पानाएवढा तुकडा छपाईनंतर लगेच तोलावा आणि मुख्य प्रिंटबरोबरच टांगून ठेवून दर काही तासांनी पुन्हा तोलत जावे. सॉल्व्हंट उडत असेल तोवर वजन घटत राहते. घट थांबली की वाळणे संपले. यात एक मेख आहे. व्हिनाइलच्या मागचा कागद हवेतला ओलावा शोषतो किंवा सोडतो आणि पावसाळ्यात त्याचे वजन वाढल्यामुळे सॉल्व्हंटची घट झाकली जाते. म्हणून त्याच मापाचा एक कोरा, न छापलेला तुकडा शेजारी टांगून तोही प्रत्येक वेळी तोलावा. कोऱ्या तुकड्यात जेवढी वाढ किंवा घट दिसेल तेवढी हिशेबातून वजा केली की उरते ती सॉल्व्हंटची. हे रोज करायची गरज नाही. नवीन शाई, नवीन व्हिनाइल किंवा नवा ऋतू आला की एकदा करून आपल्या दुकानाचा आकडा भिंतीवर लिहून ठेवला, तर पुढचा बदल होईपर्यंत तो उपयोगी पडतो.

प्रश्न : आमच्याकडे जून ते सप्टेंबर पाऊस उघडत नाही. या दिवसांत प्रिंट वाळवण्यासाठी हीटर वाढवावा, हीट गन मारावी की मिळेल तेव्हा ऊन द्यावे?
— एक वाचक, खानापूर

उत्तर : खानापूरचा पाऊस माहीत असलेल्याला आपली अडचण सांगावी लागणार नाही. मात्र येथे पावसाला दोष देताना थोडा फरक करावा लागेल. ओले कपडे वाळत नाहीत ते हवा आधीच पाण्याच्या वाफेने भरलेली असते म्हणून. सॉल्व्हंटचे तसे नाही. हवेत पाण्याची वाफ कितीही असली तरी सॉल्व्हंटच्या वाफेला त्यामुळे फारशी आडकाठी होत नाही. आपल्याला नडतात त्या दोन वेगळ्या गोष्टी. पहिली म्हणजे गारवा. जुलै-ऑगस्टमध्ये बेळगावात दिवसाचे तापमानही २५ अंशांच्या आसपासच घोटाळते, खानापूरच्या जंगलपट्ट्यात ते त्याहून कमीच वाटते, आणि तापमान उतरले की बाष्पीभवन मंदावते. दुसरी म्हणजे पाऊस आत येऊ नये म्हणून आपण दारे-खिडक्या लावून घेतो. मग खोलीतली वाफ खोलीतच राहते आणि प्रिंटमधून नवी वाफ निघायला जागा उरत नाही. म्हणजे उपाय ऊब आणि वाहती हवा हा आहे. ओलावा खेचणारी यंत्रे घेण्यावर आधीच पैसे घालू नयेत.

हाच नियम डिसेंबर-जानेवारीलाही लागू आहे, हे पुष्कळांच्या लक्षात येत नाही. त्या दिवसांत बेळगावची हवा कोरडी असते, पण रात्रीचा गारठा असा असतो की रात्रभर टांगलेल्या प्रिंटचे काम जेमतेम निम्मे झालेले असते. उलट अथणी-रायबागकडच्या व्यावसायिकांना एप्रिल-मेमध्ये वाळण्याची तक्रार क्वचितच असते. त्यांचा शत्रू धूळ.

मशीनचा पुढचा हीटर ४० ते ५० अंशांच्या दरम्यान, व्हिनाइल सोसेल इतका ठेवावा. त्याहून वाढवला तर व्हिनाइल लाटांसारखे उचलते, हेड घासते आणि प्रिंटहेडचा खर्च हा लॅमिनेशनच्या सगळ्या नुकसानीपेक्षा मोठा असतो. हीट गन मारू नये. तिची ऊब एका जागी तीव्र आणि शेजारी शून्य असते. वरचा थर आणखी पक्का होतो, खालचे सॉल्व्हंट आणखी अडकते आणि व्हिनाइल जागोजागी ताणले जाते. उन्हाचीही तीच गत असून शिवाय त्यात धूळ आणि कीटक आयते चिकटतात. शक्य असल्यास एक लहान खोली किंवा पडद्याने वेगळा केलेला कोपरा ३० ते ३५ अंशांपर्यंत उबदार ठेवून तिथली हवा पंख्याने बाहेर काढावी. तिथे उघड्या कॉइलचा हीटर मात्र चालणार नाही. कारण पुढच्या एका उत्तरात येईल.

पावसाळ्यात ओलावा खरा त्रास देतो तो मागच्या कागदाला. कागद फुगला की व्हिनाइलच्या कडा नागमोडी होतात आणि लॅमिनेटरच्या रोलरखाली सुरकुत्या पडतात. न वापरलेला रोल मूळ पिशवीत गुंडाळून, जमिनीपासून वर ठेवावा, आणि गोदामातून आणलेला रोल छपाईआधी एक दिवस छपाईच्या खोलीत राहू द्यावा.

प्रश्न : कर्नाटकात दुकानांच्या पाट्यांवर ६० टक्के जागा कन्नडला देण्याच्या नियमापासून पाट्यांची कामे वाढली आहेत आणि गिऱ्हाईक आज ऑर्डर देऊन आजच पाटी मागते. सणासुदीलाही तेच. दोन दिवस थांबा म्हटले तर ते शेजारच्या दुकानात जाते. अशा वेळी काय करावे?
— एक पाट्या बनवणारा वाचक, चिक्कोडी

उत्तर : सॉल्व्हंट प्रिंटचे लॅमिनेशन त्याच दिवशी देण्याचा कोणताही सुरक्षित मार्ग नाही, हे आधी मान्य करू. पण पाटी त्याच दिवशी देण्याचे मार्ग आहेत.

साध्या दुकानाच्या पाटीवर बहुतेक वेळा दोन किंवा तीन सपाट रंग असतात. अशा पाटीला छपाईची गरजच नसते. मुळातच रंगीत असलेले व्हिनाइल प्लॉटरवर (संगणकावर चालणाऱ्या कापणी यंत्रावर) कापून अक्षरे चिकटवली की शाई नाही, सॉल्व्हंट नाही आणि वाट पाहणेही नाही. उन्हातही हा रंग छापलेल्या रंगापेक्षा जास्त टिकतो. आपल्याकडे छपाई स्वस्त झाल्यापासून ही पद्धत मागे पडली, हे काही फार चांगले झाले नाही असे माझे स्पष्ट मत आहे.

फोटो किंवा छटा असलेले काम असेल तर ते लेटेक्स किंवा यूव्ही मशीनवर छापून घेण्याचा विचार करावा. लेटेक्स शाई पाण्यावर आधारित असते आणि मशीनमधल्या उष्णतेनेच पूर्ण पक्की होते. यूव्ही शाई दिव्याखाली तत्क्षणी घट्ट होते. दोन्ही नीट पक्क्या झाल्या असतील तर लगेच लॅमिनेट करता येतात. आपल्याकडे असे मशीन नसले तरी बेळगाव, कोल्हापूर किंवा हुबळीत ते असणाऱ्यांकडून तेवढेच काम करून घेता येते. दर जास्त पडेल. तातडीचे पैसे गिऱ्हाइकाकडून घ्यावेत.

चार-आठ दिवसांच्या उत्सवाच्या फलकाला लॅमिनेशन मुळात लागतेच कशाला, हाही प्रश्न विचारावा. ते न मारता सनबोर्डवर (फोमच्या हलक्या तक्त्यावर) बसवलेली प्रिंट तेवढे दिवस सहज काढते. मात्र लॅमिनेशन नसले म्हणजे वाळवायला नको, असा समज करून घेऊ नये. ओल्या प्रिंटखालचा गमही मऊच असतो, आणि पृष्ठभागावर बसवताना स्क्वीजीखाली (दाबून बसवण्याच्या पट्टीखाली) व्हिनाइल ताणले जाते. घाई असली तरी एक रात्र मोकळी टांगलेलीच बरी.

कापून काढायच्या अक्षरांबाबत विशेष काळजी हवी. छापलेले व्हिनाइल ताजे असतानाच प्लॉटरवर कापले तर सॉल्व्हंट उडताना कापलेल्या कडा आकसतात आणि वर वळतात. रुंद, सपाट भागात हे चटकन दिसत नाही. मराठी अक्षराच्या रफाराचे किंवा वेलांटीचे निमुळते टोक, कन्नड अक्षराच्या माथ्यावरचा बारीक वळसा, अशा ठिकाणी ते आधी उचलते. जी मशीन छापून लगेच कापतात त्यांच्यावरसुद्धा आधी फक्त छापावे, प्रिंट बाहेर काढून वाळू द्यावी, लॅमिनेट करावी आणि मग नोंदखुणा (कापण्याची जागा दाखवण्यासाठी छापलेल्या खुणा) धरून पुन्हा मशीनला लावून कापावी. वेळ जातो खरा, पण पाटी बसवल्यावर टोके दाबत बसण्याची वेळ येत नाही.

प्रश्न : घराच्या पुढच्या खोलीत छपाईचे मशीन आहे. वाळत घातलेल्या प्रिंटचा वास घरभर जातो. इको शाई निरुपद्रवी असते ना?
— एक वाचक, निपाणी

उत्तर : नाही. इको हे नाव वास आणि वाफ तुलनेने कमी असल्यामुळे पडले; ती श्वासात घ्यावी असा त्याचा अर्थ होत नाही. डोके जड होणे, डोळे चुरचुरणे, घसा कोरडा पडणे हे तिचे परिणाम आहेत आणि घरात लहान मूल किंवा दम्याचा रुग्ण असेल तर प्रिंट राहत्या भागाला लागून वाळत घालूच नयेत.

एग्झॉस्ट फॅन आपण सवयीने छताजवळ बसवतो. येथे वाफ जड असल्यामुळे तो भिंतीत खाली, जमिनीपासून हातभर उंचीवर असावा आणि ताजी हवा समोरच्या बाजूने वरून आत यावी. शाईची बाटली किंवा हेड साफ करण्याचे द्रव हाताळताना नायट्राइलचे हातमोजे घालावेत. साधे पातळ मोजे सॉल्व्हंटपुढे टिकत नाहीत.

आता विस्तवाबद्दल. यातली काही द्रव्ये ज्वालाग्राही आहेत. सायक्लोहेक्झानोनची वाफ सुमारे ४४ अंशांपासून पेट घेण्याजोगी होते. म्हणून प्रिंट वाळत असलेल्या खोलीत गॅसची शेगडी, उघड्या कॉइलचा हीटर, बिडी-सिगारेट यांतले काही नको. बहुतेक दुकानांत मशीनच्या डोक्यावरच देवाची तसबीर असते आणि सकाळी मशीन सुरू करण्याआधी उदबत्ती लागते. तसबीर तिथेच राहू द्यावी. उदबत्ती दाराबाहेर लावावी. शाई आणि सॉल्व्हंटने भिजलेल्या चिंध्याही खोलीत कोपऱ्यात न साठवता झाकणाच्या पत्र्याच्या डब्यात टाकाव्यात.

प्रश्न : घाईत लॅमिनेट केलेले काम आधीच हातात आहे आणि त्यात बारीक फोड दिसत आहेत. ते वाचवता येईल का?
— एक वाचक, हुक्केरी

उत्तर : फोड कशाचे आहेत यावर ते अवलंबून आहे. प्रिंट ट्यूबलाइटखाली तिरकी धरून पाहावी. लॅमिनेटरमधून बाहेर पडल्यापडल्याच गर्द भागावर राखाडी-चंदेरी झाक दिसत असेल आणि ती टाचणीच्या टोकाएवढ्या असंख्य ठिपक्यांची असेल, तर शाईच्या खडबडीत पृष्ठभागात गम पूर्ण बसलेला नाही एवढेच. रोलरचा दाब कमी पडला किंवा थंडी असली की हे होते. बहुतेक वेळा एकदोन दिवसांत गम आपोआप बसतो आणि झाक जाते. रोलरला उबेची सोय असेल तर तो ४० अंशांच्या आसपास ठेवल्यास पुढच्या वेळी ती दिसणारही नाही. कडेला लांबट बोगदे पडले असतील तर फिल्म ताणून सोडली गेली आहे. रोलचा ब्रेक ढिला करावा. कणीभोवती उठलेला एकेकटा फुगा धुळीचा असतो.

पण काही तासांनी किंवा दिवसांनी उगवलेले आणि वाढत जाणारे गोल फोड सॉल्व्हंटचे समजावेत. खात्री करायची असेल तर एक फोड ब्लेडच्या टोकाने उघडून लगेच नाकाजवळ धरावा; तिथे वास लपत नाही. असे काम गाडीवर किंवा पाटीवर अजून बसवले नसेल तर बसवू नये. फिल्म सोलून काढून पुन्हा वाळवता येईल अशी आशा धरू नये, कारण फिल्मबरोबर शाईही निघून येते. आधीच बसवलेले असेल आणि फोड मोजकेच असतील तर बारीक सुईने कडेला टोचून, बोटाला सोसेल इतक्या कोमट हवेने ऊब देत मऊ कापड गुंडाळलेल्या स्क्वीजीने दाबावेत आणि गिऱ्हाइकाला ही डागडुजी आहे हे सांगून ठेवावे. फोड पट्टाभर पसरले असतील तर तेवढा भाग पुन्हा छापणेच स्वस्त पडते, आणि तो छापण्यापूर्वी जुन्या कामाचा राहिलेला गम गाडीच्या रंगावरून पूर्ण पुसून घ्यावा.